मधल्या माणसाची रेंज

दत्तरावकाका आमच्या घरात यायचे ते चपला काढून, टोपी सावरून आणि मोबाइल डोक्यावर धरून. विहिरीचं पाणी शोधणारा पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरतो आणि नारळ उभा राहिला की 'इथं खांदा' म्हणतो, तसे ते ओसरीतून बैठकीत आणि बैठकीतून स्वयंपाकघरात हळूहळू सरकत यायचे. ओट्याशेजारच्या माठापाशी आले की ओरडायचे, "सापडली!" मग माठाला कोपर टेकून अर्ध्या कळमनुरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. आमच्या गल्लीत मोबाइलची रेंज तेवढी आमच्या माठापाशी यायची. त्याला माझा इलाज नव्हता आणि माठाचाही नव्हता.

मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. आमचे हे परभणीला नोकरीत, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. त्यामुळे एरवी आमच्या घरात पुरुषाचा आवाज ऐकू आला तर तो दत्तरावकाकांचाच असायचा, आणि तोही कुणाच्या तरी लग्नाबद्दल. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. काका उंच, वाळलेले, कायम पांढऱ्याशुभ्र टोपीत. काकू, म्हणजे गयाबाई, बुटक्या आणि गोल. दोघं शेजारी उभे राहिले की दहाचा आकडा दिसायचा.

काकांना थोडी शेती होती, पण त्यांचं चित्त सोयरिकीत. नव्वदच्या दशकात कळमनुरीपासून सेनगाव-औंढ्यापर्यंत त्यांनी इतकी लग्नं जमवली की एसटीत बसले तर निम्मी गाडी 'रामराम मामा' म्हणायची. पैसा घ्यायचे नाहीत. लग्नात टॉवेल-टोपीचा मान तेवढा घ्यायचे. घरात टोप्यांची एक पत्र्याची पेटी भरलेली होती. "धंदा म्हनू नका म्याडम," ते मला सांगायचे, "खोड म्हना. मधला माणूस म्हंजे कोन? लग्न जमवायला तर कुत्रंबी जमवतंय. मधला लागतो तो भांडण झाल्यावर!"

आणि ते खरं होतं. नवराबायकोचं बिनसलं की दोन्हीकडचे लोक काकांना बोलावून न्यायचे. काकांचा उपाय एकच, सगळ्या रोगांवर तोच. ते दोघांना समोरासमोर बसवायचे आणि मध्ये एकच ताट वाढायला सांगायचे. एक ताट, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. "एका ताटात जेवा. मंग काय भांडायचं ते भांडा." ठेच्यानं दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहायचं, कोण कशानं रडतंय ते कळायचं नाही, आणि निम्म्या भाकरीतच भांडण मिटायचं. "तोंड फुगवून घास जात न्हाई," हे काकांचं शास्त्र.

मग गावात मोबाइल आला आणि काकांच्या शास्त्राला ग्रहण लागलं.

पहिल्यांदा त्यांनी त्याच्याशी दोस्तीच केली. जावयांपैकी कुणीतरी जुना फोन दिला, आणि 'रेंज' हा शब्द काकांना असा चिकटला की सुटेना. आजाऱ्याला भेटायला गेले तर नाडी धरून म्हणायचे, "रेंज हाय, घाबरू नका." मला शाळेतून उशीर झाला तर, "म्याडम आज आउट ऑफ रेंज!" आणि लग्नाबद्दलचं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आलं होतं: "नवराबायकोत रेंज पायजे. बॅलन्स काय, येतो-जातो."

पण हळूहळू त्यांना दिसायला लागलं की हे यंत्र आपल्या पोटावर नाही, आपल्या टोपीवर उठलं आहे. पूर्वी साखरपुडा झाला की पोरगा-पोरगी थेट अंतरपाटाच्या दोन बाजूंना भेटायचे. आता मधल्या दोन महिन्यांत ती फोनवर इतकं बोलायची की लग्नाआधीच बोलणं संपायचं. सेनगावकडच्या एका नवरदेवाला नवरीनं मिस कॉलवर मिस कॉल दिले. तो सोयाबीन फवारत होता. पाठीवर पंप, हाताला औषध, कसा उचलणार? संध्याकाळी पोरीनं निरोप धाडला, लग्न मोडलं. काका तडक निघाले. दोघांचेही फोन काढून घेतले, आमच्या घरी आणून तुरीच्या पोत्यात खुपसले आणि पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलं. "आता अक्षता पडल्यावर उसवू." बॅटऱ्या संपेपर्यंत माझ्या माठाला टेकलेलं ते पोतं मधूनमधून वाजायचं. तूर काढायला गेलं की पोत्यातून सनईचे सूर यायचे.

औंढ्याकडचं प्रकरण तर याहून वरचं. आपल्याकडे बायकोचं नाव घ्यायची पद्धत नाही, म्हणून एका शेतकऱ्यानं बायकोचा नंबर मोबाइलमध्ये 'घर' असा टाकला. बरोबरच केलं. पण बायकोनं एक दिवस फोन हाती घेतला तर खाली दिसलं, 'घर दोन'. झालं! बाईनं फोन विहिरीत टाकला आणि स्वतः माहेरी गेली. काका मध्यस्थीला गेले. दोन्हीकडची वीसेक माणसं गोळा झालेली. त्या गड्याला बोलताच येईना. शेवटी काकांनी त्याला गोठ्यामागं नेऊन विचारलं तेव्हा कळलं की 'घर दोन' म्हणजे आखाडा. शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीत राहणाऱ्या सालगड्याचा फोन. "आरं मंग आखाडा टाकायचं ना!" काका म्हणाले. तर तो गडी म्हणतो, "मामा, ते 'ख' सापडंना मला."

काका हे सांगताना पोट धरून हसायचे. आणि हसता हसता एकदम गप्प व्हायचे.

त्याचं कारण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. काकांची एकुलती एक पोरगी छाया, लहानपणी माझ्याच वर्गात होती. नांदेडला शिकली, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि पुण्याला नोकरीला लागली. काकांनी तिच्यासाठी एक सोडून सात स्थळं हेरून ठेवली होती. आणि छायानं एक दिवस कळवलं की तिचं ठरलंय. मुलगा जातीतला नाही. ओळख कशी झाली? इंटरनेटवर, गप्पा मारता मारता. अख्ख्या तालुक्याच्या सोयरिकी जमवणाऱ्या माणसाच्या घरात हे व्हावं!

गल्लीला वाटलं, काका जातीवरून बोलतील. ते मारुतीच्या पारावर सगळ्यांदेखत उभे राहिले आणि भलतंच बोलले. "जात जाऊ द्या चुलीत. त्या लग्नात मधला कोन हाय? कोनीच न्हाई! कंप्यूटर हाय! उद्या लेकराचं भांडण झालं तर ते कोनाकडं जाईल? कंप्यूटर त्यायला एका ताटात बसवीन का?" मग टोपीला हात लावून म्हणाले, "आजपून मी तिच्याशी बोलनार न्हाई. ज्या दिशी बोलन त्या दिशी ही टोपी उतरन."

पुण्याला लग्न झालं. काका गेले नाहीत, काकूंनाही जाऊ दिलं नाही. घरात छायाचं नाव घ्यायचं नाही असा हुकूम झाला. त्यामुळे एक विचित्र अडचण झाली. काकू नवऱ्याला 'छायाचे बाबा' म्हणायच्या आणि काका बायकोला 'छायाची माय'. तेवढंच एक नाव दोघांकडं एकमेकांसाठी होतं आणि तेच बंद झालं. तेव्हापासून काकू नुसतं "अवं" म्हणायच्या आणि काका नुसतं खाकरायचे. भिंतीपलीकडून दिवसभर हे "अवं" आणि खाकरणं ऐकू यायचं. एवढं बडबडं घर, पण त्यात कुणाला कुणाचं नावच उरलं नव्हतं.

आता मला माहीत असलेली गोष्ट सांगते. आमच्या बैठकीत लँडलाइन होता. आणि काकू दर बाजाराच्या दिवशी दुपारी, काका बाजारात गेले की, विरजण मागायला आमच्याकडे यायच्या. "म्याडम, वाइच इरजण द्या." विरजण द्यायला मी उठले की फोन वाजायचा, आणि तो माझ्यासाठी नसायचा. पुण्याहून छाया असायची. काकू पदर तोंडावर घेऊन अर्धा तास कुजबुजायच्या. एवढी विरजणं नेऊनही त्यांच्या घरी कधी दही लागलं नाही, कारण त्यांच्याकडं दुभतं जनावरच नव्हतं. काकांना हे कधी उमगलं नाही. संसाराचे भेद उकलणाऱ्या माणसाला घरातलं दही दिसू नये, यालाच बहुतेक संसार म्हणत असावेत.

एकदा मात्र गाडी रुळावरून घसरता घसरता राहिली. काकू बैठकीत फोनवर होत्या आणि ओसरीत काका उगवले, मोबाइल डोक्यावर. नजर वर होती म्हणून वाचलो. काकूंनी रिसीव्हर तसाच टेबलावर उताणा ठेवला आणि त्या उभ्या राहिल्या.

"तू काहून इथं?" काकांनी विचारलं.

"इरजण न्यायला."

"वाटी कुठाय?"

काकूंनी दोन्ही हात पुढं केले. "वंजळीत नेते."

काकांनी क्षणभर बायकोकडं पाहिलं, मग रेंजकडं पाहिलं, आणि रेंज जास्त महत्त्वाची वाटली. ते माठापाशी गेले आणि हुंडा वाढवून मागणाऱ्या कुण्या वरबापाला त्यांनी झोडपायला सुरुवात केली. "पोरगं इकून राहिले का मोंढ्यात? तोलाई कोन देनार?" बोलता बोलता खोकत होते, पुन्हा बोलत होते. ते निघून गेल्यावर काकूंनी रिसीव्हर उचलला. छाया पलीकडं होतीच. तिनं सगळं ऐकलं होतं. रडत होती म्हणे. "माय, बाबाचा आवाज बसल्यावानी काहून येऊन राहिला? खोकला हाय का त्यायला?"

त्याच सुमाराला काकांनी बसस्टँडजवळच्या अन्वरभाईच्या इंटरनेट कॅफेत जायला सुरुवात केली. प्लायवूडचे खोपे, प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. मला म्हणाले, "वैऱ्याचं गाव एकदा हिंडून पाहावं म्याडम. दोस्ती करायची एक जागा हाय तिथं, सारे पोरंपोरी फोटो टाकून बसलेले ऱ्हातेत. नवरदेव कसा हाय, कोनाकोनाशी बोलून राहिला, समदं दिसतंय. आता सोयरीक जमवायची तर आधी तिथं पाहावं लागतंय." मला पटलं. मधल्या माणसानं काळाप्रमाणं बदलायला नको का?

पण काका रोज जायला लागले. दुपारचं जेवण झालं की दाढी करून, स्वच्छ टोपी घालून. इतके नवरदेव तर तालुक्यात नव्हते. आणि परत यायचे ते स्वतःशीच हसत. एक दिवस तर गल्लीतून शीळ वाजवत आले.

गल्लीत कुजबुज झाली आणि ती काकूंपर्यंत पोचली. काकू तरातरा माझ्याकडं आल्या. त्या दिवशी बाजार नव्हता, त्यामुळं मी विरजणाला उठले नाही.

"म्याडम, तिथं पडद्यामागं बाई हाय म्हनं."

"कुठली बाई?"

"काचंतली. त्यायच्या संग बोलती म्हनं. पानाच्या टपरीवाल्यानं पाहिलं. हे तिला पाहून हसून राहिले व्हते, अन् पुन्हा डोळे पुसून राहिले व्हते." काकूंचा गोल चेहरा लालेलाल झाला होता. "या वयात! दुनियेचे संसार जोडनारा मानूस! चला तुमी माझ्यासंग. तुमाला इंग्रजी येतंय. त्या भवानीला काय बोलायचं ते मी बोलते, तुमी तिला इंग्रजीत सांगा."

मी खूप समजावलं. कॉम्प्युटरमधली बाई इतक्या लांबून कुणाचा संसार मोडत नाही, वगैरे. पण तेव्हाच्या वर्तमानपत्रांत अशाच बातम्या यायच्या, चॅटिंगपायी घटस्फोट, काय नि काय, त्यामुळे माझाही आवाज फारसा ठाम निघेना. शेवटी गेले. खरं सांगायचं तर मलाही बाई पाहायची होती.

अन्वरभाईनं काकूंना पाहिलं आणि खुर्चीतून उठलाच. "चाची, आप? चाचा तो... चाचा उधर नहीं है." त्याच्या 'उधर'च्या दिशेनंच काकू गेल्या आणि पडदा ओढला. पडदा दोरीसकट हातात आला.

काका खुर्चीत, मान पुढं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आणि काचेत खरंच बाई होती. तिच्या कडेवर एक गुबगुबीत बाळ होतं. ती छाया होती.

काका पडद्याच्या दोरीकडं पाहत राहिले. काकू पुढं झाल्या आणि काचेवर बोट ठेवलं, बाळाच्या तोंडावर. मला वाटलं, आता रडतील. पण काकू रागानं म्हणाल्या, "ह्यो फोटो जुना हाय. आता त्याला दोन दात आलेत."

काकांनी चष्मा वर केला. "तुला कसं ठावं?"

काकूंनी जीभ चावली. मग माझ्याकडं पाहिलं. मी अन्वरभाईकडं पाहिलं. अन्वरभाई बाहेर पाहत राहिला.

"इरजण," काका हळूच म्हणाले. इतक्या वर्षांचं दही त्यांना एका क्षणात दिसलं असावं.

"व्हय, इरजण! अन् तुमी? टोपी उतरन म्हनलं व्हतं ना पारावर? मंग हे काय चालून राहिलं, छायाचे बाबा?"

कितीतरी वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून निघालं. काका दचकले. मग वकिलासारखे ताठ बसले आणि टोपी सरळ केली. "मी कुठं बोललो तिच्याशी? हौशा बोलला."

हौशा म्हणजे काकांचा बैल. छाया लहान असताना वासरू म्हणून घरी आलेला, तिच्या हातून भाकरी खाणारा, दुसऱ्या कुणाला शिंगं दाखवणारा. एका नवरदेवाची चौकशी करायला काका कॅफेत आले तेव्हा अन्वरभाई म्हणाला होता, कुणाचंही नाव टाका, निघतं. "कोनाचंबी?" काकांनी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि मग एक नाव टाकायला लावलं होतं. ते निघालं. पण तिच्याशी बोलायचं तर आधी आपलं नाव द्यावं लागतं. "चाचा, नाम तो डालनाच पडता." काकांना स्वतःचं नाव टाकता येईना. म्हणून त्यांनी बैलाचं टाकलं. फोटोही बैलाचाच, पोळ्याच्या झुलीतला. आणि पुण्यातल्या कंपनीत काम करणाऱ्या माझ्या या माजी विद्यार्थिनीनं त्या बैलाची मैत्री त्याच दिवशी स्वीकारली.

मी खाली वाकून वाचलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, अन्वरभाईच्या स्पेलिंगची. हौशानं लिहिलं होतं: सरकी मिळाली, धनी बरा आहे, जावई त्रास देतो का? छायानं लिहिलं होतं: हौशा, काल आमचं भांडण झालं, बोलणं बंद आहे. हौशाचं उत्तर: एका ताटात जेवा, ठेचा तिखट करा. दुसऱ्या दिवशी छाया: जेवलो, मिटलं. आणि त्याखाली: हौशा, तुझ्या धन्याला सांग, खोकल्याला अडुळसा घे.

"खोकल्याचं तिला कसं कळलं म्हनून मी लई चकरावलो व्हतो," काका म्हणाले. "मला वाटलं, बापाचं दुखनं लेकीच्या काळजाला आपसूक कळतंय. तर ते बी इरजणावाटंच गेलं व्हय!"

मला हसू आवरेना. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या बैलाच्या फोटोकडं पाहत होत्या. "अवं," त्या म्हणाल्या, "हौशा मेला हे तर तिला मी तवाच सांगितलं."

हौशा दोन पोळ्यांआधी गेला होता, ज्वारीचं विषारी फोडसं खाऊन पोट फुगून. काकांनी ते लेकीला कळवलं नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून रोज त्याला सरकी घालत राहिले होते, काचेत.

"सांगितलं? तवाच?" काकांचा आवाज एकदम खाली आला. "मंग एवढे दिस ती कोनासंग बोलून राहिली व्हती?"

"बापासंग," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला उपरण्याचं टोक शोधू लागले. ते खांद्यावरच होतं, पण सापडेना. "तिच्या लग्नात मधला न्हवता," ते माझ्याकडं वळून म्हणाले, जणू मी न्यायाधीश होते. "भांडण झालं तर लेकरू कोनाकडं जाईल, याचं भेव वाटायचं म्याडम. रातंदिस. म्हनून हौशाला मधला केलं. दुसरं काय न्हाई."

इथं सगळं गोड व्हायला हरकत नव्हती. पण नवराबायको म्हणजे नवराबायको. घरी पोचेपर्यंत दोघांचं जुंपलं होतं. काकू म्हणाल्या, "लेकराचं तोंड एकटेच पाहत बसले, मला न्हाई दावलं." काका म्हणाले, "तू एकलीच आवाज ऐकत बसली, मला न्हाई ऐकवला." एकाकडं चेहरा होता, दुसरीकडं आवाज, आणि दोघांनी आपापला वाटा पदराआड लपवून ठेवला होता. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचं "अवं"ही बंद झालं आणि खाकरणंही. तालुक्याची भांडणं मिटवणाऱ्याच्या घरी भांडण मिटवायला कुणी मधला नव्हता.

शेवटी बाजाराच्या दिवशी मीच मधली झाले. दुपारी दोघांनाही जेवायला बोलावलं, एकमेकांना न सांगता. बैठकीत सतरंजी टाकली आणि मध्ये एकच ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, आणि ठेच्यात मिरच्या मुद्दाम जास्त घातल्या. काकांनी ताट पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "म्याडम, माझंच औषध मला?"

"तोंड फुगवून घास जात नाही, काका."

बसले. पहिला घास काकूंनी मोडला, दुसरा काकांनी. ठेच्यानं आपलं काम सुरू केलं. दोघांचेही डोळे वाहायला लागले आणि कोण कशानं रडतंय ते मलाही कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

काकूंचा हात थांबला. काकांचाही. दोघं उष्ट्या हातांनी फोनकडं पाहत राहिले. घंटा वाजत होती. मग काकू काकांकडं न पाहता म्हणाल्या, "घ्या. आज माझं इरजण तुमी घ्या."

काका उठले. डाव्या हातानं रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि काही न बोलता स्वयंपाकघराकडं चालू लागले, माठाच्या दिशेनं. फोनवर बोलायचं ते माठापाशीच, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक होतं. वायर ताणली गेली, टेबल सरकलं.

"अवं छायाचे बाबा, त्याला वायर हाय," काकू म्हणाल्या.

काका उंबऱ्यातच थांबले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. उष्ट्या उजव्या हातानं त्यांनी डोक्यावरची टोपी उतरवली. पांढऱ्या टोपीवर ठेच्याची बोटं उमटली. ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना, तेव्हा काकूंनी उठून ती आपल्या हातात घेतली. काकांचं बोडकं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. केस पार पिकले होते.

ज्या माणसाचा आवाज अर्ध्या कळमनुरीला ऐकू जायचा, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेतानं, ते रिसीव्हरमध्ये म्हणाले, "रेंज... रेंज हाय का?"

मग छायाचा आवाज आला, आणि तो वायरीतून एवढा मोठ्यानं आला की ताटाशी बसलेल्या मलाही ऐकू गेला.

"फुल हाय, बाबा."